बाभळीची पकड

लाकूडकामाचा विषय निघाला की बोलणं हत्यारांवर येतं. रंधा कुठला, पटाशीचं पोलाद कसं, करवतीला इंचात दात किती. लाकूड धरायचं कशानं, हे सहसा कुणी विचारत नाही. पण हातानं काम करणाऱ्याचा निम्मा जीव त्या धरण्यातच गुंतलेला असतो. फळी जराशी सरकली की रंधा उसळतो, पटाशी रेघ सोडते आणि अंगातला जोर लाकूड आवरण्यातच संपतो. चांगली धार आणि पक्की पकड यांतलं एकच मिळणार असेल, तर मी पकड मागून घेईन. धार काय, दगडावर घासली की येते. म्हणून हे लिहिणं होल्डफास्टबद्दल, म्हणजे बाकावर लाकूड दाबून धरणाऱ्या आकडीबद्दल, आणि तीही बाभळीच्या.

आपल्याकडच्या सुतारांनी हा प्रश्न पायांनी सोडवला होता. जमिनीवर बसायचं, फळी ठोकळ्याला टेकवायची आणि टाचेखाली दाबून धरायची. वस्तू बारीक असेल तर पायाचा अंगठा आणि शेजारचं बोट. पायाइतका शहाणा शिकंजा दुसरा नाही. लागेल तेवढाच दाबतो, क्षणात सोडतो आणि लाकडावर वळ उमटवत नाही. घराघरांत विळीवर बसणाऱ्या बायकांनीही हेच केलं, विळीचा पाट पायाखाली आणि दोन्ही हात भाजीला मोकळे. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत गेलात तर आजही कारागीर जमिनीवर बसून भोपळा आणि दांडी अंगानं आवरताना दिसतील. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा वर्तमानपत्रांत फोटो आले होते. माझी नजर वाद्यांवरून सरकून कारागिरांच्या बसण्याकडेच जात होती.

मी मात्र उभ्यानं काम करते. सांगलीतल्या आमच्या घराच्या मागच्या पडवीत माझं बाक आहे. त्याचा पाट तीन इंच जाडीचा, एका जुन्या वाड्याच्या सागवानी तुळईतून चिरून काढलेला. २०१९ च्या महापुरानंतर जे वाडे पुन्हा उभे राहू शकले नाहीत, त्यांतला तो एक. त्या पुरात प्लायवूडची आणि भुशाच्या फळ्यांची कपाटं फुगून फुटली होती, पाणी ओसरल्यावर गल्लोगल्ली त्यांचे ढीग लागले होते. ही तुळई पाण्यात राहिली, चिखलानं माखली, सावकाश वाळली आणि सरळच राहिली. अशा पाटावर उभ्यानं रंधा मारताना सगळं अंग लावता येतं, लांब फळीवर एका दमात रंधा फिरतो. पण उभं राहिलं की पाय कामातून गेले. त्यांच्या जागी दुसरं काहीतरी धरायला लागतं.

ते काहीतरी म्हणजे होल्डफास्ट. जाड लोखंडी दांडा, त्याचं वरचं टोक आडवं वाकवून पुढे आणलेलं. बाकाच्या पाटाला आरपार भोक असतं, त्यात हा दांडा सैलसर उतरतो आणि आडव्या हाताचं टोक फळीवर टेकतं. डोक्यावर हातोड्याचा एक ठोका दिला की फळी बसली. सोडवायची असेल तर दांड्याला मागच्या बाजूनं हलकेच एक ठोका. ना आटे फिरवायचे, ना खाली वाकून नट आवळायचा. युरोपातल्या सुतारांकडे ही वस्तू फार पूर्वीपासून आहे. इसवी सन ७९ मध्ये व्हेसूव्हियस ज्वालामुखी फुटून गाडल्या गेलेल्या हर्क्युलेनियम गावातल्या एका भित्तिचित्रात सुताराच्या ठेंगण्या बाकावर अशीच आकडी फळी दाबून बसलेली दिसते. अठराव्या शतकात आंद्रे रुबो या फ्रेंच कारागिरानं सुतारकामाचं सगळं शास्त्र चित्रांसह लिहून काढलं, त्याच्या बाकावरही ती आहे. एवढ्या काळात तिच्या घडणीत बदल करावा असं कुणाला फारसं वाटलं नाही, यातच तिचं मोठेपण आलं.

ती धरते कशी, हे नीट समजून घेण्यासारखं आहे, कारण स्वतः बनवताना सगळी मापं त्यावरूनच ठरतात. ठोका बसला की दाबलेली फळी हाताच्या टोकाला वर रेटते. त्या रेट्यानं दांडा भोकात किंचित कलतो आणि दोनच जागी टेकतो, वरच्या तोंडाशी मागच्या कडेला आणि पाटाच्या तळाशी पुढच्या कडेला. या दोन जागांचं घर्षण दांड्याला वर येऊ देत नाही. फळी जितकी जास्त रेटेल तितका या दोन जागांवरचा दाबही वाढतो, त्यामुळे पकड टिकणार की सुटणार हे ठोक्याच्या जोरावर नसतं, मापांवर असतं. मी कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवते, तेव्हा वहीत मांडून बघितलंच. पाटाची जाडी भागिले हाताच्या लांबीची दुप्पट, हा आकडा घर्षणाच्या गुणांकापेक्षा, म्हणजे दोन पृष्ठभाग एकमेकांना किती धरतात त्याच्या मापापेक्षा, कमी राहिला की दांडा सुटत नाही. माझा पाट तीन इंच, हात सहा इंच. तीन भागिले बारा म्हणजे ०.२५. कोरड्या लाकडावर कोरडं लाकूड सहसा याहून जास्त धरतं. तोच पाट पाच इंचाचा असता तर आकडा ०.४२ च्या आसपास गेला असता आणि पकड भरवशाची राहिली नसती. पाट जितका जाड तितकी पकड घट्ट, असं आपल्याला वाटतं, पण घडतं याच्या नेमकं उलट. ज्यांचा पाट फार जाड आहे त्यांनी भोक खालच्या अंगानं रुंद करून घ्यावं आणि वर तीन इंचांचंच ठेवावं. आणि दांड्याला किंवा भोकाला तेल, मेण, पॉलिश यांतलं काहीही लावू नये. बाकी बाकाला हौसेनं पॉलिश करा, भोकं मात्र कोरडी राहू द्या.

आता लाकडाचाच होल्डफास्ट कशाला, लोहाराकडून लोखंडी का नाही? घडीव लोखंडाचा उत्तम असतो, त्याबद्दल वाद नाही. पण लाकडाच्या हातावर रंध्याचं पातं चुकून आपटलं तरी धार जात नाही. पावसाळ्यात लोखंड गंजतं, आणि ओलसर लोखंड टॅनिन हे तुरट द्रव्य असलेल्या लाकडाला टेकलं की काळानिळा डाग पडतो तो आत शिरतो, घासून निघत नाही. ही कारणं खरी आहेत. माझ्यासाठी खरं कारण मात्र तासगावच्या बाजूला भेटलं.

तिकडे एक अप्पा आहेत. त्यांनी उमेदीची वर्षं बैलगाडीची लाकडी चाकं करण्यात घालवली. साखर कारखान्यांना ऊस ओढणाऱ्या गाड्यांना रबरी टायर आले, मग गाड्याच ट्रॅक्टरमागे गेल्या आणि चाकांचं काम थांबलं. भोवतीच्या माळावर द्राक्षबागा आल्या, त्यांचे मांडव लोखंडी अँगलचे. अप्पांच्या छपरात तुंबे आणि आरे अजून रचून ठेवलेले आहेत. मी त्यांना होल्डफास्टचं चित्र काढून दाखवलं आणि सागवान चालेल का, असं विचारलं.

"सागवान दाराला, ताई," अप्पा म्हणाले. "हे ठोके खायाचं काम हाय. सागाला ठोका घातला की त्यो चिरतो. बाभळ ठोका गिळती."

चाकाचा विचार केला तर हे लगेच पटतं. मधला तुंबा, त्यात ठोकून बसवलेले आरे, आऱ्यांवर पुठ्ठ्यांचं कडं आणि सगळ्यावरून लोखंडी धाव. धाव मुद्दाम चाकाच्या घेरापेक्षा किंचित लहान करायची, शेणींच्या जाळात लालभडक तापवून फुगवायची, चिमट्यांनी धरून चाकावर बसवायची आणि वरून पाणी ओतायचं. लोखंड आकसतं आणि चाकाचे सगळे सांधे आवळून घेतं. त्या आवळण्यातून वाचायचं आणि पुढं वर्षानुवर्षं भरल्या गाडीखाली दगडधोंड्यांचे ठोके खायचे, एवढं करूनही फुटायचं नाही. या कामाला आपल्या भागात बाभळच घेत. कुऱ्हाडीच्या दांड्याला धावडा, उखळ-मुसळाला आणि खाटकाच्या ठोकळ्याला चिंच. कुठल्या कामाला कुठलं लाकूड, हे पिढ्यान्‌पिढ्यांच्या हातांनी ठरवलेलं होतं, आणि ते कुठंही लिहून ठेवलेलं नव्हतं.

बाभळ कापली की लगेच वापरत नसत. ओंडके विहिरीत नाहीतर ओढ्याच्या डोहात महिनोन्‌महिने बुडवून ठेवत. बाभळीचा बाहेरचा पांढरट भाग किड्यांना फार आवडतो, कारण त्यात पिष्ट असतं. ते पाण्यात निघून गेलं की किडा तिकडे फिरकत नाही. लाकूड मग सावलीत सावकाश वाळवायचं. घाईनं उन्हात टाकलेली बाभळ टोकांपासून तडकत जाते.

होल्डफास्ट दोन तऱ्हांनी करता येतो, दांडा आणि हात वेगळे करून सांधायचे, नाहीतर एकाच वळलेल्या फांदीतून दोन्ही काढायचे. सांध्याचा आधी सांगते, कारण त्याला लागणारं लाकूड कुठंही मिळतं.

दांड्यासाठी बाभळ करवतीनं कापायची नाही, फाडायची. कुऱ्हाडीचं पातं टोकावर ठेवून मागून ठोकलं की लाकूड आपल्या रेषेनं फाटत जातं, आणि जो तुकडा हातात येतो त्याच्या रेषा या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड असतात. करवत रेषा बघत नाही, सरळ जाते, आणि तिरप्या रेषेचा दांडा पहिल्या जोरकस ठोक्याला तिरपाच फुटतो. लोखंडी होल्डफास्टला पाऊण इंचाचं, म्हणजे सहा सुताचं भोक चालतं. लाकडी दांड्याला पूर्ण इंच द्यावा. दोनच सुतांचा फरक, पण गोल दांड्याची ताकद जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे तो सव्वादोन पटींहून जास्त मजबूत होतो आणि त्याचं लवणं एक तृतीयांशाहूनही कमी होतं.

चौकोनी लाकूड गोल करायची रीत मला फार आवडते. भोक २५ मिलिमीटरचं धरलं तर दांडा २४ चा हवा. चारही बाजू २४ मिलिमीटरच्या करून घ्यायच्या आणि प्रत्येक बाजूवर दोन्ही कडांपासून सात-सात मिलिमीटरवर खतावणीनं, म्हणजे कडेला समांतर रेघ मारायच्या हत्यारानं, रेघ ओढायची. मधे दहा उरतात. रेघांपर्यंत कोपरे रंध्यानं काढले की बरोबर अष्टकोन मिळतो, सात, दहा, सात. पुढं प्रत्येक नवा कोपरा हलक्या हातानं मारला की सोळा बाजू होतात, आणि त्यानंतर डोळ्यांपेक्षा तळहातालाच जास्त कळतं. दांडा मुठीत धरून फिरवायचा, जिथं उंचवटा लागेल तिथून एक पातळ सालपट काढायचं. शेवटी जाड लोखंडी पट्टीला २४ मिलिमीटरचं भोक पाडून दांडा त्यातून ठोकत काढला की तो सगळीकडे सारखा होतो. एक मिलिमीटरची सैल जागा मुद्दाम ठेवायची. पावसाळ्यात लाकूड आडवं फुगतं आणि तेही सगळीकडे सारखं नाही, त्यामुळे जूनमध्ये गोल असलेला दांडा ऑगस्टमध्ये किंचित लांबोळा झालेला असतो. तेवढ्या फुगण्याला जागा लागते.

दांड्याच्या वरच्या बाजूला अर्ध्या इंचाचा जाड खांदा ठेवायचा, म्हणजे ठोक्यानं हात खाली सरकणार नाही. खांद्यावर चौकोनी कुसू, म्हणजे हाताच्या भोकात बसणारं टोक. हाताला त्याच मापाचं भोक पटाशीनं घ्यायचं, पण काटकोनात नाही. हात पुढं किंचित झुकलेला हवा, साधारण ८४ अंश, कारण ठोका बसल्यावर दांडा मागं कलतो आणि हाताचं टोक वर उचललं जातं. आधीच काटकोनात बसवला तर फळीवर टोकाऐवजी हाताचा मधलाच भाग टेकायला लागतो. भोकाचं वरचं तोंड थोडं रुंद करायचं, कुसवाला मधोमध चीर देऊन त्यात पाचर ठोकायची. पाचर हाताच्या रेषांना आडवी जायला हवी. रेषांच्या दिशेनं ठोकली तर तीच पाचर हाताला दुभंगून टाकेल. आडवी गेली की कुसू फुलतो, रुंद तोंडात घट्ट बसतो आणि मागं येत नाही.

असा होल्डफास्ट चांगलं काम देतो. तरी त्याचा सगळा ताण मानेवर येतो, आणि मान म्हणजे सांधा. ठोक्यानं हात आणि दांडा यांच्यातला कोन उघडायला बघतो, म्हणजे आतल्या कोपऱ्यातलं लाकूड ताणलं जातं. अप्पांनी तो हातात घेऊन उलटसुलट बघितला, पाचरीवर अंगठा फिरवला. "झालंय बरं," म्हणाले, "पर सांधा घालायचा कशाला? झाडानं वाकवून ठेवलेलं हाय की."

मग ते मला ओढ्याच्या बांधावर घेऊन गेले. मला वाटलं, ते दोन फांद्यांचा बेचका शोधणार. तर बेचक्याकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. बेचक्याच्या खोबणीत बऱ्याचदा साल दडलेली असते, दोन फांद्या तिथं भिडलेल्या असतात पण जुळलेल्या नसतात, आणि आपल्याला ताण नेमका तिथंच द्यायचा असतो. ते शोधत होते एकाच फांदीचं वळण. शेळ्यांसाठी बाभळीचा पाला तोडताना फांदीचा शेंडा मारला जातो, मग बाजूचा धुमारा जोर धरतो आणि काही वर्षांनी तोच मुख्य फांदी होऊन बसतो. जुन्या छाटणीच्या जागी फांदी जवळजवळ काटकोनात वळलेली असते. तिथं लाकडाच्या रेषा तुटत नाहीत, त्या झाडाबरोबरच वळसा घेऊन पुढं गेलेल्या असतात. अप्पा फांदीखाली उभे राहून आधी सालीवरच्या भेगा कशा वळतायत ते बघत, मग हात लावत. मी एक वळण दाखवलं तर म्हणाले, "हितं गाठ हाय आत. वरनं दिसत न्हाई, पर साल बघा कशी फुगलीया."

लाकडी नांगरासाठी अशाच वळलेल्या बाभळी हेरून ठेवल्या जात. आमच्या जिल्ह्यात हे सांगताना मन जरा थबकतं. १९१० साली औंधच्या पंतप्रतिनिधींनी दिलेल्या माळावर, कुंडल रोड स्टेशनजवळ, लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कारखाना वसवला आणि किर्लोस्करवाडीचा लोखंडी नांगर घरोघरी गेला. त्यानं जमीन खोल उलटली, बैलांचं आणि माणसांचं भलं झालं, याबद्दल मला आदरच आहे. पण वळलेली बाभळ ओळखणारी नजर तिथून पुढं हळूहळू बिनकामाची झाली. चाकं गेल्यावर बाभळीचा ठोका ओळखणारा हातही बिनकामाचा झाला. अप्पांकडे ही दोन्ही ज्ञानं आहेत आणि ती विचारायला कुणी येत नाही. होल्डफास्ट ही लहानशी वस्तू आहे, पण तिला हे दोन्ही लागतं, नांगराचं वळणही आणि चाकाचा चिवटपणाही. म्हणून मला तो लाकडाचाच हवा आहे, बाभळीचाच हवा आहे आणि झाडानं वळवलेल्या बाभळीचा मिळाला तर फारच बरं.

वळणाची फांदी चांगली जाड असावी. मधोमध, वळणाच्या सपाटीतच, तिचे दोन उभे भाग करायचे. करवत गाभ्यातून जाते, त्यामुळे वाळताना जो गाभा फांदी तडकवतो तोच निघून जातो, आणि एकाच वळणातून दोन होल्डफास्टांची जोडी मिळते. बाभळ करवतीला सहज वाट देत नाही. हे चिरायला जोडीदार असलेला बरा. पुढची रीत तीच, सात, दहा, सात, फक्त हात तासताना मानेशी जाड आणि टोकाकडे निमुळता ठेवायचा. टोकाशी तो किंचित लवला पाहिजे. त्या लवण्यातच दाब साठून राहतो.

टोकाखाली चामड्याचा तुकडा चिकटवायचा, नाहीतर मऊ लाकडावर खूण उमटते. मी कोल्हापुरी चपला करणाऱ्याकडून कातरलेली कड आणते. कोल्हापुरी चपलेचं २०१९ चं भौगोलिक मानांकन सांगली आणि सातारा जिल्ह्यांनाही लागू आहे. हे चामडं कमावताना हिरडा आणि बाभळीची साल वापरतात. म्हणजे वर बाभळीचं लाकूड आणि खाली बाभळीच्याच सालीनं कमावलेलं कातडं. मला हे समजलं तेव्हा फार आनंद झाला होता, आणि अजूनही कुणी बाक बघायला आलं की मी हे सांगितल्याशिवाय राहत नाही.

वापरताना लोखंडी हातोडा नको. चिंचेचा लाकडी हातोडा घ्यावा आणि एका जबर ठोक्याऐवजी दोन बेताचे द्यावेत. पहिल्या ठोक्याला आवाज मोकळा येतो, दुसऱ्याला बंद, आणि बंद आवाज आला की थांबायचं. परवा एका देव्हाऱ्याच्या खांबांना भोकं घेत होते. दोन होल्डफास्ट, मधे खांब, पटाशीवर ठोक्यामागून ठोका, आणि खांब जागचा हलला नाही. दोन्ही हात पटाशीला मोकळे होते.

दिवाळीच्या आसपास गावोगावी बांधावरच्या फांद्या छाटल्या जातात आणि सरपणात जातात. ज्यांच्या शेतात बाभळ आहे त्यांनी कुऱ्हाड चालवण्याआधी एकदा वळणं बघावीत. मनगटाहून जाड आणि काटकोनाच्या जवळ जाणारं वळण दिसलं तर दोन्ही बाजूंना हातभर लाकूड ठेवून कापावं. त्याच दिवशी मधून चिरून घ्यावं, टोकांना वितळलेलं मेण लावावं आणि पाण्यात बुडवायची सोय नसेल तर निदान सावलीत, भिंतीपासून सुटं, आडवं ठेवावं. वर्षभरानं ते कामाला येईल. स्वतःला नको असेल तर जवळच्या सुताराला दाखवा. आणि गावात जुना चाकं करणारा कुणी असेल, तर आधी त्याला दाखवा.